४.६३ मोठा की ४.८?

सहावीच्या वर्गात फळ्यावर ४.८ आणि ४.६३ लिहून 'मोठी संख्या कोणती?' असं विचारलं, की बरेच हात ४.६३ च्या बाजूने वर होतात. कारण विचारलं तर तेही तयार असतं : 'त्रेसष्ट आठपेक्षा मोठे.' आता त्याच मुलांना ५.७३६ आणि ५.६२ ही जोडी द्या. तीच मुलं ५.७३६ म्हणतात. वहीत बरोबरची खूण होते आणि तास पुढे सरकतो. पण हे दुसरं उत्तरही त्याच नियमातून आलेलं असतं : सातशे छत्तीस बासष्टपेक्षा मोठे. नियम चुकीचाच होता, यावेळी उत्तर तेवढं जुळलं.

चुकीचं उत्तर कुणालाही दिसतं. चुकीच्या नियमातून आलेलं बरोबर उत्तर दिसत नाही, आणि पुढची सगळी गडबड तिथून सुरू होते. गैरसमजांवरच्या संशोधनातून वर्गासाठी काही एक गोष्ट उचलायची असेल, तर ती ही : गैरसमज ओळखता येतो की नाही हे आपण प्रश्नात कोणत्या संख्या घातल्या त्यावर ठरतं.

दशांश अपूर्णांकांच्या बाबतीत हे काम फार बारकाईने झालं आहे. फ्रान्समध्ये साकूर-ग्रीस्वार आणि लेओनार यांनी १९८५ साली मुलं दशांश संख्यांचा क्रम लावताना कोणते नियम वापरतात ते वेगळे करून दाखवले. १९८९ मध्ये लॉरेन रेझनिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, इस्रायल आणि फ्रान्स अशा तीन देशांतल्या मुलांवर तेच तपासलं. पुढे मेलबर्न विद्यापीठात व्हिकी स्टाइन्ल आणि के स्टेसी यांनी चौथी ते दहावीच्या तीन हजारांहून अधिक मुलांना काही वर्षं पुन्हा पुन्हा तीच चाचणी दिली. जवळपास दहा हजार उत्तरपत्रिका जमल्या आणि एकच मूल एका गैरसमजातून दुसऱ्यात कसं जातं तेही त्यांतून कळलं.

या सगळ्यांतून समोर आलेले नियम थोडेच आहेत.

पहिला, 'जास्त अंक ती मोठी संख्या'. दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचायचा. म्हणून ०.३६ हा ०.५ पेक्षा मोठा. या नियमाची एक सुधारलेली आवृत्ती आहे. चिन्हानंतर लगेच शून्य आलं तर ती संख्या लहान असते, एवढं त्या मुलाला कळलेलं असतं. त्यामुळे ४.७ आणि ४.०८ मध्ये ते बरोबर ४.७ निवडतं, पण ४.८ आणि ४.६३ मध्ये पुन्हा घसरतं.

दुसरा याच्या नेमका उलट : 'जास्त अंक ती लहान संख्या'. हा नियम अर्धवट पण खऱ्या ज्ञानातून येतो. शतांश दशांशापेक्षा लहान असतो, हे मुलाला पक्कं माहीत असतं. त्यावरून ते ठरवतं की ज्या संख्येत शतांश आहेत ती संख्या, फक्त दशांश असलेल्या संख्येपेक्षा लहानच असणार. तुकडा केवढा आहे हे बघितलं, तुकडे किती आहेत हे बघायचं राहिलं. अशी मुलं ४.८ आणि ४.६३ ची जोडी अचूक सोडवतात आणि ५.७३६ व ५.६२ मध्ये ५.६२ निवडतात. याच गटात थोडी मुलं अशी असतात की त्यांना ०.३ सुद्धा ०.४ पेक्षा मोठा वाटतो, कारण त्यांच्या मनात एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश असतात, किंवा उणे तीन आणि उणे चार.

तिसरा पैशाचा. चिन्हाच्या डावीकडे रुपये, उजवीकडे पैसे, आणि दोन अंकांनंतर जग संपलं. अशा मुलाला बहुतेक सगळं येतं. फक्त ४.४५ आणि ४.४५०२ समोर आले की ते म्हणतं, सारखेच आहेत.

रेझनिक यांच्या अभ्यासातला एक तपशील आपल्याकडच्या शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. फ्रान्समध्ये दशांश अपूर्णांक साध्या अपूर्णांकांच्या आधी शिकवले जात, आणि तिथे दुसरा नियम क्वचितच आढळला. अमेरिका आणि इस्रायलमध्ये अपूर्णांक आधी, तिथे तो चांगलाच दिसला. म्हणजे मुलं आधी काय शिकली यावर कोणता गैरसमज उगवणार हे बऱ्याच अंशी ठरतं. आपल्याकडे व्यवहारी अपूर्णांक आधी आणि 'छेद १०, १०० असलेले ते दशांश' अशी ओळख नंतर. तेव्हा दुसरा नियम आपल्या वर्गांत असणार हे गृहीत धरूनच चाचणी काढावी. मेलबर्नच्या उत्तरपत्रिकांतही पहिला नियम वरच्या इयत्तांत ओसरत गेला, पण दुसरा माध्यमिक शाळेत टिकून राहिला.

चाचणी अशी बांधता येते. तेरा जोड्या पुरतात. खाली त्या गटवार दिल्या आहेत, पण मुलांना देताना क्रम विस्कटून द्या आणि मोठी संख्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवा.

पहिला गट : ४.८ आणि ४.६३, ०.५ आणि ०.३६, २.६ आणि २.५१७.
दुसरा गट : ५.७३६ आणि ५.६२, ०.४२६ आणि ०.३, १.८५ आणि १.७.
तिसरा गट : ४.७ आणि ४.०८, ३.३ आणि ३.०७४.
चौथा गट : १७.३५ आणि १७.३५३, ४.४५०२ आणि ४.४५.
पाचवा गट : ०.३ आणि ०.४, १.८५ आणि १.८४.
शेवटची जोडी : ०.६ आणि ०.

सूचना एवढीच : मोठ्या संख्येभोवती गोल करा, समान वाटल्या तर मध्ये बरोबरची खूण करा. पाच मिनिटं द्या. कारण फक्त दोन जोड्यांना लिहायला सांगा. सगळ्यांना कारण मागितलं की मुलं थकतात आणि 'कारण ती मोठी आहे' असं लिहून मोकळी होतात.

आता तपासणी. ही चाचणी एकूण गुण मोजून तपासली तर वाया गेली, आणि ते का हे आकड्यांतच दिसतं. पहिला नियम निष्ठेने पाळणाऱ्या मुलाला गटांप्रमाणे ०, ३, ०, २, २ आणि शेवटचा १ असे ८ गुण मिळतात. दुसरा नियम पाळणाऱ्याला ३, ०, २, ०, २ आणि १, म्हणजे पुन्हा ८. दोघांना १३ पैकी ८, पण पहिल्या चार गटांतल्या दहाही जोड्यांवर दोघांची उत्तरं एकमेकांच्या नेमकी विरुद्ध. गुणपत्रकात ही दोन मुलं शेजारी बसतात. त्यांना एकाच उपचारवर्गात बसवून एकच वाक्य समजावलं, तर एकाला ते औषध होईल आणि दुसऱ्याचा आजार वाढेल.

म्हणून प्रत्येक मुलासमोर गटवार गुण लिहा. पहिल्या गटात ० किंवा १ आणि दुसऱ्यात ३ किंवा २ असतील तर पहिला नियम. उलटं असेल तर दुसरा. पहिल्या गटात कमी पण तिसऱ्या गटात पूर्ण असेल तर शून्य कळलेली सुधारित आवृत्ती. फक्त चौथा गट गेला तर पैसा. दुसऱ्या नियमाचं मूल पाचव्या गटातही चुकलं तर त्याच्या डोक्यात छेद किंवा उणे संख्या घोळत आहेत. एखादं मूल नुसतं अंदाजाने गोल करत असेल, अशी शंका येते. अंदाजाने पहिल्या गटात तिन्ही चुका आणि दुसऱ्यात तिन्ही बरोबर येण्याची शक्यता ६४ मध्ये १ आहे, म्हणून असा साचा दिसला तर तो सहसा खराच असतो. ज्या उत्तरपत्रिकेत कुठलाच साचा दिसत नाही, त्या मुलाशी दोन मिनिटं बोला, कागदावरून निष्कर्ष काढू नका.

पाठ्यपुस्तकांतल्या आणि शिकवणीतल्या सरावांत हे गैरसमज का सापडत नाहीत याचं कारण साधं आहे. ३.२, ३.७, ३.५ चढत्या क्रमाने लावा, असा प्रश्न असेल तर सगळ्या संख्यांची लांबी सारखी. तिथे पहिला नियमही चालतो, दुसराही चालतो. आणि लांबी वेगवेगळी असली, तरी सगळ्यात लांब संख्याच दरवेळी सगळ्यात मोठी निघाली तर पहिल्या नियमाच्या मुलाला पैकीच्या पैकी मिळतात. प्रश्नसंच काढणाऱ्याने प्रत्येक प्रश्न स्वतः एकदा चुकीच्या नियमाने सोडवून बघावा. उत्तर बरोबर आलं तर तो प्रश्न बदलावा. एवढी एक सवय लावून घेतली तरी प्रश्नपत्रिका कितीतरी सुधारते.

मग येते ती सगळ्यांची आवडती युक्ती : शून्य लावून दशांश स्थळं समान करून घ्या. ४.८ चे ४.८० करा, मग ८० आणि ६३ ची तुलना करा. उत्तर हमखास बरोबर येतं. अडचण अशी की पहिल्या नियमाच्या मुलाला आपण त्याच्याच नियमाने जिंकून दिलं. ते अजूनही पूर्ण संख्याच वाचतंय, फक्त आधी शून्य लावायचं हे पाठ झालं. सुट्टीनंतर ती पायरी विसरली की ४.६३ पुन्हा मोठा होतो. ही युक्ती अजिबात शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. आठ दशांश म्हणजेच ऐंशी शतांश, हे हाताने करून पाहिल्यानंतर ती शिकवावी. त्याआधी शिकवली तर ती गैरसमज झाकून ठेवते.

आणि 'चिन्हानंतर जितके पुढे जाल तितका तुकडा लहान' हे वाक्य. वाक्य खरं आहे. पण पहिल्या नियमाच्या मुलाला दुरुस्त करण्यासाठी ते घाईने सांगितलं, की ते मूल थेट दुसऱ्या नियमात जाऊन बसतं. त्या आठवड्यात ४.८ आणि ४.६३ सारखे सगळे प्रश्न बरोबर येतात, म्हणून शिक्षकाला वाटतं की काम झालं. दुसऱ्या गटातल्या जोड्या विचारल्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नाही.

मुलांना असं का वाटतं, याचं उत्तर वर्गाबाहेरही आहे. मराठी घरात वाढणारं मूल दिवसभर जे टिंब बघतं, त्यातलं बहुतेक टिंब दशांश चिन्ह नसतंच. वेळापत्रकावर २.३० म्हणजे अडीच वाजले, इथे ३० म्हणजे अर्धा. उंची ५.१० म्हणजे पाच फूट दहा इंच, आणि तिथे ५.१० खरोखरच ५.९ पेक्षा जास्त आहे. पुस्तकात सरावसंच ३.९ नंतर ३.१० येतो. आणि क्रिकेट! ४.५ षटकांनंतर आणखी एक चेंडू पडला की ५ षटकं होतात. संघाच्या ४.३ षटकांत ४५ धावा झाल्या असतील तर धावगती काढताना ४५ ला ४.३ ने भागून चालत नाही. चार षटकं आणि तीन चेंडू म्हणजे साडेचार षटकं, म्हणून ४५ भागिले ४.५, उत्तर १०. गणकयंत्रावर ४.३ ने भागलं तर साधारण १०.४७ येतं, आणि ते चूक आहे.

या सगळ्या ठिकाणी टिंब दोन पूर्ण संख्या वेगळ्या करतं. पलीकडचा भाग कधी १२ चा असतो, कधी ६० चा, कधी ६ चा. मुलाने यावरून 'टिंबानंतर नवी पूर्ण संख्या सुरू होते' असा नियम बांधला, तर त्याने जे पाहिलं त्याला धरूनच बांधला. स्मिथ, डिसेसा आणि रोशेल यांनी १९९३ मध्ये हाच मुद्दा ठामपणे मांडला होता : ज्याला आपण गैरसमज म्हणतो तो बहुतेक वेळा एखाद्या ठिकाणी नीट चालणारा नियम असतो, जो त्याच्या हद्दीबाहेर वापरला गेला. म्हणून त्याला उपटून टाकण्यापेक्षा त्याची हद्द दाखवणं जास्त फळतं. क्रिकेटचं टिंब आणि गणिताचं टिंब शेजारी शेजारी मांडा. '४.५ नंतर काय येतं?' हा प्रश्न दोन्हींसाठी विचारा. क्रिकेटमध्ये ५. गणितात ४.५ आणि ५ यांच्यामध्ये ४.६ आहे, ४.५१ आहे, ४.५०१ आहे. वर्गात यावर भरपूर बोलणं होतं.

मराठीत एक मोठी सोयही आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. १९५७ साली १ एप्रिलला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते आणि शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. ती पाठांतरं गेली, पण शब्द बाजारात आणि स्वयंपाकघरात जिवंत आहेत. पाव किलोपेक्षा अर्धा किलो जास्त हे सहावीतल्या कुठल्याही मुलाला विचारावं लागत नाही. आता त्यालाच ०.२५ आणि ०.५ मधली मोठी संख्या विचारा. पहिल्या नियमाचं मूल ०.२५ म्हणतं. मग या दोन संख्यांना काय म्हणतात ते विचारा. ते म्हणतं, 'पाव... आणि अर्धा.' आणि थांबतं. आपलंच उत्तर आपल्याच माहितीशी भांडतंय हे त्याला जाणवलेलं असतं. इथे शिक्षकाने काहीही बोलू नये. पुढचं वाक्य त्या मुलाचं असलं पाहिजे.

हे शब्द मैलाच्या दगडांसारखे वापरता येतात. ०.६३ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? पाऊणला पोहोचला का? ०.८ पाऊणच्या अलीकडे की पलीकडे? एक सावधगिरी मात्र ठेवा. पाव म्हणजे एक छेद चार, म्हणून काही मुलं पावाला ०.४ किंवा १.४ लिहितात. छेदातला अंक उचलून चिन्हामागे ठेवायचा, असा तो नियम. पाव, अर्धा, पाऊण हे तिन्ही आधी पट्टीवर दाखवून मगच अंकांत लिहायला द्या.

वाचण्याची पद्धतही तपासा. 'चार पॉइंट त्रेसष्ट' असं आपण स्वतः म्हणत असू, तर पहिल्या नियमाला रोज खतपाणी घालतोय. 'चार पूर्णांक सहा तीन' बरं. आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत 'चार एकक, सहा दशांश, तीन शतांश' असं लांबलचक वाचणं सगळ्यांत चांगलं. दशक आणि दशांश, शतक आणि शतांश हे शब्द कानाला फार जवळचे आहेत. शेवटचा 'अंश' जोर देऊन म्हणावा लागतो, नाहीतर मागच्या बाकापर्यंत फक्त 'दश' पोहोचतं.

साधन कोणतं वापरायचं? वर्गात सुटे, दशकाचे दांडे आणि शतकाच्या पाट्या असतातच, म्हणून त्याच पाटीला 'आता हिला एक म्हणूया' असं सांगण्याचा मोह होतो. मुलांच्या मनात ती पाटी शंभर म्हणून बसलेली असते. ती एक आहे असं धरल्यावरही ती मुलं तुकडे मोजतात आणि पुन्हा पूर्ण संख्यांकडे वळतात. स्टेसी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे ठोकळे आणि लांबीवर आधारलेल्या नळ्या यांची तुलना केली, तेव्हा मुलांना नळ्या जास्त सहज कळल्या. लांबी डोळ्यांना लगेच दिसते. घनफळाची तुलना करायला डोकं चालवावं लागतं.

नळ्या घरी बनवता येतात. वायरिंगची पीव्हीसी नळी तीन मीटरच्या लांबीत मिळते. एककाची लांबी एक मीटर घेऊ नका. घेतली, तर मुलं दशांशाला दहा सेंटिमीटर आणि ०.६३ ला त्रेसष्ट सेंटिमीटर म्हणतात, आणि पूर्ण संख्या मागच्या दाराने आत येतात. एकक १२० सेंटिमीटरचं घ्या. मग दशांश १२ सेंटिमीटर, शतांश १२ मिलिमीटर. एका तीन मीटर नळीतून एक एकक, बारा दशांश आणि वीस शतांश निघतात. हॅकसॉच्या पात्याची प्रत्येक चिरेला साधारण एक मिलिमीटर घट येते. म्हणून सगळ्या खुणा आधी एकदम करू नका. एक तुकडा कापा, मग पुढचा मोजा. नाहीतर दहा दशांश जोडल्यावर एककापेक्षा सेंटिमीटरभर कमी भरतात, आणि नेमकी जी गोष्ट पटवायची तीच खोटी ठरते. सहस्रांशासाठी जाड पुठ्ठ्याच्या चकत्या करा. दहा चकत्या एकावर एक ठेवून एका शतांशाच्या उंचीला लावून बघा, जुळत नसतील तर पुठ्ठा बदला. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. तुकडे ओवायला नळीच्या आत जाईल अशी सरळ काठी ठेवा.

०.८ आणि ०.६३ बाजूबाजूला मांडले की आठ दशांशांची रांग सहा दशांश आणि तीन शतांशांच्या कितीतरी पुढे जाते. नंतर ०.३ आणि ०.४२६ मांडा, म्हणजे दुसऱ्या नियमालाही धक्का बसतो. या दोन्ही जोड्या एकाच तासात घ्याव्यात. फक्त पहिलीच घेतली तर 'लांबलचक संख्या लहान असते' हे नळ्यांच्या साक्षीने सिद्ध होऊन बसतं.

तास कसा चालवायचा याबद्दल माल्कम स्वान यांचं नॉटिंगहॅममधलं १९८३ चं काम मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. त्यांनी दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकीत फक्त बरोबर रीत नीट शिकवायची. दुसरीत मुलांच्या चुका आधी बाहेर येऊ द्यायच्या, त्यांचा दुसऱ्या मार्गाने आलेल्या उत्तराशी सामना घडवायचा आणि मग चर्चा. दुसऱ्या पद्धतीने मुलं जास्त पुढे गेली. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे असं बसतं. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने सहा जोड्या सोडवायच्या, पेनने, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. पुढची दहा मिनिटं त्याच जोड्या नळ्यांनी किंवा संख्यारेषेवर करायच्या आणि उत्तर वेगळ्या रंगात शेजारी लिहायचं. मग पाच मिनिटं जोडीदाराशी बोलायचं : माझी दोन उत्तरं कुठे जुळत नाहीत? उरलेला वेळ सगळ्या वर्गाचा. यावेळी फळ्यावर कुणाचंही नाव न घेता एक चुकीचं उत्तर लिहा आणि विचारा, 'हे उत्तर देणाऱ्याने काय विचार केला असेल?' मुलं नियम शब्दांत मांडतात. त्या नियमाला नाव द्या, 'लांब म्हणजे मोठी' असं काहीतरी, आणि तो कुठे चालतो, कुठे मोडतो याची उदाहरणं मुलांकडूनच घ्या.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. शिक्षकाला राहवत नाही आणि दुसऱ्याच मिनिटाला बरोबर उत्तर सांगितलं जातं. मुलं मान डोलावतात, विसंगती तिथेच विरते. दुसरं म्हणजे मुलं दोन्ही उत्तरं सुखाने नांदवतात : नळ्यांचं उत्तर वेगळं, वहीतलं वेगळं, जसे दोन विषय असावेत. म्हणून दोन्ही उत्तरं एकाच पानावर, शेजारी शेजारी हवीत, आणि 'दोन्ही कशी बरोबर असतील?' हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला पाहिजे.

मुलांसमोर चुकीचं उत्तर मुद्दाम मांडलं तर तेच डोक्यात बसेल, ही भीती अनेक शिक्षकांना वाटते. दशांशांवरच केलेल्या प्रयोगांनी ती बरीचशी दूर केली आहे. डर्किन आणि रिटल-जॉन्सन यांच्या २०१२ च्या अभ्यासात बरोबर आणि चूक अशी दोन्ही सोडवलेली उदाहरणं ताडून बघणाऱ्या मुलांना दशांश संख्यांचं मोठेपण अधिक चांगलं कळलं. मॅकलॅरेन, अ‍ॅडम्स आणि मेयर यांच्या २०१५ च्या प्रयोगात चुकीची उदाहरणं शोधून दुरुस्त करणाऱ्या मुलांचा फायदा लगेचच्या चाचणीपेक्षा नंतर घेतलेल्या चाचणीत स्पष्ट झाला. म्हणजे दुसऱ्याच दिवशी परीक्षा घेऊन पद्धत फसली असं ठरवू नये. आठवड्याने चार जोड्या द्या, महिन्याने पुन्हा चार. प्रत्येक वेळी पहिल्या आणि दुसऱ्या गटातल्या दोन-दोन, आणि आकडे नवे.

या सगळ्यासाठी शिक्षकाला आधी गैरसमज माहीत असावा लागतो. फिलिप सॅडलर आणि गेरहार्ड सोनर्ट यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतले माध्यमिक शाळांचे १८१ विज्ञान शिक्षक आणि त्यांचे साडेनऊ हजारांवर विद्यार्थी यांच्यावरचा अभ्यास मांडला. प्रत्येक प्रश्नाला शिक्षकांनी दोन उत्तरं द्यायची होती : बरोबर पर्याय कोणता, आणि मुलं बहुधा कोणता चुकीचा पर्याय निवडतील. ज्या प्रश्नांत गैरसमज प्रबळ होता, तिथे दोन्ही उत्तरं सांगू शकणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात प्रगती जास्त झाली. नुसता विषय पक्का असणं तिथे पुरलं नाही. तो अभ्यास विज्ञानाचा असला तरी ही रीत गणितात उचलता येते. चाचणी तपासायच्या आधी कागदावर अंदाज लिहा : माझ्या वर्गात पहिल्या नियमाची किती, दुसऱ्याची किती. मग प्रत्यक्ष आकडा शेजारी लिहा. दोन-तीन वेळा केलं की अंदाज जवळ येऊ लागतो.

शेवटची जोडी राहिली, ०.६ आणि ०. ती अगदी सोपी म्हणून चाचणीत घातलेली नाही. काहींना ०.६ शून्यापेक्षा लहान वाटतो, आणि स्टेसी आणि सहकाऱ्यांना ही चूक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या भावी शिक्षकांमध्येही आढळली. मुळाशी आरसा आहे. दशांश चिन्ह म्हणजे आरसा, डावीकडे मोठं जग, उजवीकडे त्याचं प्रतिबिंब, अशी मनातली मांडणी. संख्यारेषेवर शून्याच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण असतात, त्या चित्राशी ही मांडणी गल्लत करते. याच आरशामुळे मुलं चिन्हानंतर पहिलं घर 'एकांश' म्हणून शोधतात, कारण डावीकडे पहिलं घर एकक आहे. स्थानिक किमतीचा तक्ता काढताना म्हणूनच मध्यभागी दशांश चिन्ह ठेवू नका. मधलं घर एककाचं ठेवा, ते रंगवा, त्याच्या डावीकडे दशक आणि उजवीकडे दशांश, मग शतक आणि शतांश अशा जोड्या पडू द्या. चिन्ह एककाच्या घराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, बारीक. आणि त्याच तक्त्याखाली शून्यापासून एकापर्यंतची पट्टी काढून ०.६ तिच्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. पट्टीवर शून्याच्या डावीकडेही थोडी जागा सोडा, म्हणजे ज्याला तिकडे बोट न्यायचं आहे ते मूल नेईल आणि तुम्हाला दिसेल.